लिव्हरातली बेगमी

गेल्या वर्षीच्या जूनची गोष्ट. सीझन संपलेला, एक जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, शेवटचे पाहुणे पुण्याला परत गेलेले आणि मी पहिल्या पावसात चादरी वाळत घालू की काढू या भानगडीत. मालवणजवळ देवबागच्या रस्त्याला आमचं छोटं होमस्टे आहे, चार खोल्या, जेवण घरचं, आणि घरचं म्हणजे मी. सीझनमध्ये आम्हाला आजारी पडायला सवड नसते हो, खरंच, त्यामुळे दुखणी सगळी जूनवर ढकललेली असतात. दाढ, चष्म्याचा नंबर, आणि या वेळी सतत येणारा थकवा आणि उजव्या बरगडीखाली काहीतरी जड जड वाटणं. मला वाटलं गॅस. आपल्याकडे गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काही झालं तरी आधी तो गॅसच असतो.

नवऱ्याने मालवणात लॅबमध्ये नेलं, आणि जोडीने केलं तर पॅकेज स्वस्त पडत होतं म्हणून स्वतःचंही रक्त दिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आले. आता गंमत ऐका. आमचे हे शनिवारी मित्रांबरोबर बसतात, गोवा जवळ, त्यामुळे बसायला कारण लागत नाही, तर त्यांचा एसजीपीटी, म्हणजे लिव्हर दुखावलंय का ते सांगणारा आकडा, २४. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, माझा एसजीपीटी ९२, त्याचाच जोडीदार एसजीओटी ६१ आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, ४७१. त्यांचा चेहरा असा झाला होता की दहावीला बोर्डात आले. मी तो कागद तीनदा उलटा-सुलटा करून बघितला, नावं अदलाबदल झालीयत का म्हणून.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं की लिव्हर बिघडलंय. त्या पडवीत माडाची झापं विणत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "लिवराचा दुखणा दारू पितत तेंका होता. तुका कसा झाला गो?" आणि हाच प्रश्न पुढचे दोन महिने सगळ्या वाडीने मला विचारला. काहींनी तोंडाने, काहींनी नुसतं बघून. एक बाई तर किराणाच्या दुकानात हळू आवाजात म्हणाल्या की टेन्शनमुळे बायकासुद्धा घेतात हल्ली, त्यात काय एवढं. मला इतका संताप आला ना, वाटलं रिपोर्ट लॅमिनेट करून गळ्यात घालावा, पण रिपोर्टमध्येही कुठे लिहिलेलं नसतं की ही बाई पीत नाही.

मग कुडाळच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिलंच विचारलं, आदल्या रात्री किती वाजता जेवलात? मी म्हटलं साडेअकरा. आणि रक्त? सकाळी आठला. त्या म्हणाल्या, ट्रायग्लिसराइड्ससाठी हे चालत नाही, जेवल्यावर ते रक्तात चढलेलेच असतात, दहा-बारा तास पोट रिकामं पाहिजे. म्हणून परत केलं. या वेळी आठलाच जेवून, नीट बारा तास काढून गेले. लॅबमधल्या मुलाने रक्त फिरवून काढलेली ट्यूब मला दाखवली. खाली लाल आणि वर जे पिवळसर स्वच्छ पाणी दिसायला पाहिजे ते गढूळ, पांढुरकं. अगदी सोलकढीला नारळाचा दुसरा रस काढतो आणि अजून आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घातलेलं नसतं ना, तसं. मी रोज दहा माणसांची सोलकढी करते, त्यामुळे ते माझ्या डोळ्यांसमोरून काही केल्या जाईना. ती चरबी होती, माझ्याच रक्तातली. आकडा आला ४३८. आणि एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, जागी रिपोर्टमध्ये नुसती रेघ, कारण तो आकडा बरेचदा बाकीच्या आकड्यांवरून हिशोब करून काढतात आणि ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की तो हिशोब चुकतो.

मॅडमनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. १५० च्या आत असले तर ठीक, २०० च्या पुढे जास्त, आणि ५०० च्या पुढे गेले की मग स्वादुपिंडाला सूज यायची भीती सुरू होते, तिथे त्या थांबल्या नसत्या, लगेच गोळी दिली असती. मी काठावर होते. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आत असणारं एन्झाइम, पेशी दुखावल्या की ते रक्तात सांडतं. एसजीओटी लिव्हरमध्ये पण असतं आणि स्नायूंत पण, हे लक्षात ठेवा, याचा मला पुढे चांगलाच घोळ झाला. मग सोनोग्राफी. फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरात चरबी साठलेली, ग्रेड २, मध्यम. हेपटायटिस बी आणि सीची टेस्ट केली, दोन्ही नाही. थायरॉइड बघितला, कारण तो मंद असला तरी ट्रायग्लिसराइड्स वाढतात, तो बरा निघाला. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर चप्पल काढून उभी. वय ४७, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो, कंबर ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या आत पाहिजे म्हणे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स हे चार आकडे त्यांनी कंप्युटरमध्ये टाकले आणि १.२ असा स्कोअर काढला, १.३ च्या खाली आहे म्हणजे लिव्हर कडक व्हायला लागलं असण्याची शक्यता कमी. त्या एका आकड्यावर मी त्या रात्री झोपले.

दारूचं मी रडत रडतच सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या की याच कारणाने या आजाराचं नावच बदललं. आधी नावातच "नॉन-अल्कोहोलिक" होतं, म्हणजे काय नाही ते सांगायचं आणि त्यात पण दारूचा उल्लेख यायचाच. २०२३ मध्ये जगभरातल्या लिव्हरवाल्या डॉक्टरांनी मिळून ते काढलं आणि चयापचयाच्या बिघाडावरून नाव ठेवलं. मला फार बरं वाटलं ऐकून. किराणा दुकानातल्या त्या बाईंना सांगायला पाहिजे एकदा.

आणि मग त्यांनी विचारलं, तुम्ही खाता काय ते सांगा. मी छाती पुढे काढून सांगितलं की मॅडम मी काहीच खात नाही. आणि हे मला खरंच वाटत होतं हो! सकाळी नुसता चहा, सोमवारचा उपास, संकष्टीचा उपास, दुपारी पाहुण्यांचं आटपून चार वाजता दोन घास. त्या हसल्या आणि म्हणाल्या, एक वही घ्या, आठ दिवस तोंडात जाईल ते लिहा, चमचाभर असलं तरी.

ती वही अजून माझ्याकडे आहे, पिठाचे हात लागलेली. पहिल्या दिवशीचं पानच बघा. चहा सात वेळा. कारण दूधवाला आला चहा, मासळीवाली टेकली चहा, नवरा बाहेरून आला चहा, आणि दुसऱ्याला करताना आपला अर्धा कप होतोच. दोन चमचे साखर प्रत्येक कपात, चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी सत्तर ग्रॅम साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसाची वरून घातलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. मी सकाळी दहापर्यंतच ती संपवत होते. त्यात सीझनमध्ये पाहुणे आले की वेलकम ड्रिंक, अमृत कोकम, रातांब्याच्या सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवून केलेलं, आणि जगमध्ये उरलेला ग्लास कोण पिणार? मे महिन्यात हापूस. आमची पाच कलमं आहेत, डागी आंबा पाहुण्यांना देता येत नाही, मग त्याचा रस, आणि रस उरला की टाकवत नाही.

टाकवत नाही. वही वाचताना हा शब्द मला सगळीकडे दिसायला लागला. पातेल्याच्या तळाचा भात, टाकवत नाही. पाहुण्यांच्या पोराने अर्धा सोडलेला वडा. सकाळचे उरलेले घावणे, तळलेल्या सुरमईचा मोडलेला तुकडा, शिरवाळ्यांच्या गोड रसाची वाटी. चार वाजता ताट वाढून बसायचे तेव्हा भूक इतकी खवळलेली असायची की त्या "दोन घासांत" तीन वाट्या भात जायचा. रात्री पाहुणे समुद्रावरून नऊला येणार, दहाला जेवणार, माझं ताट साडेअकराला, आणि बाराला आडवी. आणि उपास! संकष्टीला साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर शेंगदाण्याचा लाडू. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पीठच, पोटात जाऊन त्याची साखरच होते. गणपतीबाप्पाच्या नावाने मी नेहमीपेक्षा दुप्पट पीठ खात होते.

मॅडमनी वही वाचून सांगितलं की लिव्हर साठा करतं. गरजेपेक्षा जास्त साखर आणि पिठूळ आलं की लिव्हर त्याची चरबी करतं, थोडी रक्तात पाठवतं, ती ट्रायग्लिसराइड्स म्हणून दिसते, आणि जी पाठवून होत नाही ती स्वतःच्याच पेशींत भरून ठेवतं. मी लगेच म्हटलं, म्हणजे बेगमी. कोकणातल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आपण सुकट, सुके बांगडे, कोकमं, पापड, मिरच्या, लाकडं सगळं भरून ठेवतो कारण पुढे चार महिने काही मिळणार नाही. माझं लिव्हर बारा महिने बेगमी करत बसलं होतं आणि तो पाऊस कधी येतच नव्हता. घरातलं जे जे उरायचं ते फ्रीजमध्ये नाही, माझ्यात साठत होतं.

गोळी नाही दिली. तीन महिने दिले, आणि एक टार्गेट. वजन पाच टक्के उतरलं तर लिव्हरातली चरबी कमी व्हायला लागते, सात ते दहा टक्के उतरलं तर सूजही उतरते. माझ्या हिशोबात साडेतीन किलो, मग पाच ते सात. पण घाईघाईने उपाशी राहून नाही, ते उलटं लिव्हरलाच त्रास देतं. हे मला त्यांनी दिलेलं, तुमच्या रिपोर्टला तुमचे डॉक्टर काय ते सांगतील, माझे आकडे घेऊन कोणी गोळी बंद करू नका म्हणजे झालं.

आणखी एक विचारलं त्यांनी, काढे-बिढे घेता का. घेत होते ना! कोरोनापासून गुळवेलीचा काढा रोज सकाळी, कुंपणावरचीच वेल, फुकटची. त्यांनी पहिला तो बंद केला. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने त्यावर हरकतही घेतली, वाद झाला. मॅडम म्हणाल्या वाद चालू दे, तुमचा एसजीपीटी ९२ आहे, आत्ता काहीही अनोळखी नको. मला पटलं. पण गावात सांगायची सोय नाही, कारण लिव्हर म्हटलं की जो तो आपला एक पाला घेऊन दारात उभा. कोणी भुईआवळी आणली, कोणी कडू किराईत. मी सगळ्यांना हो हो म्हणून तुळशीमागे ठेवून दिलं.

आता जेवणाचं. सगळ्यांची अपेक्षा होती की मासे बंद, नारळ बंद, तेल बंद, आता ही उकडलेला दुधी खाणार. तसं काहीच नाही झालं. मासे वाढवले. बांगडा, तारली, पेडवे, हे तेलकट मासे, यांच्यात ओमेगा-३ नावाची चांगली चरबी असते, ट्रायग्लिसराइड्स उतरवायला ती बरी. आता यातली गंमत अशी की पाहुण्यांना हवी सुरमई आणि पापलेट, हजारांत जाणारे, आणि मला सांगितलेली तारली, जी मासळीवाली शेवटी वाट्यावर वर दोन फुकट टाकते. फक्त रव्यात घोळवून तळायची नाही. तिखलं करायचं, तिरफळं ठेचून, आगळ घालून, हळदीच्या पानात. पावसाळ्यात सुके बांगडे भाजून, पण त्यात मीठ मरणाचं, म्हणून आठवड्याला एकदाच.

नारळावरून मात्र घरात महाभारत झालं. नारळाची चरबी एलडीएल वाढवू शकते म्हणून बेताने, एवढंच मॅडम म्हणाल्या होत्या, पण सासूबाईंच्या कानावर "नारळ बंद" असं गेलं आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. परसात एकोणीस माड आहेत हो. शेवटी तोड निघाली ती अशी की पाच माणसांत रोज एक नारळ फुटायचा तो दोन दिवसांत एक, आणि माझी सोलकढी दुसऱ्या रसाची. तेल आधी महिन्याला पाच लिटर आमचं घरचं, पाहुण्यांचं वेगळं, ते मोजून अडीचवर आणलं, माणशी अर्धा लिटर.

भात सोडला नाही. सोडूच शकत नाही, मला भात नाही मिळाला तर मी जेवलेच नाही असं वाटतं. पण वाटी ठरवली. स्टीलची एक छोटी वाटी, देवाच्या प्रसादाची, तीच माझी. दुपारी एक वाटी उकडा भात, सपाट, डोंगर नाही. आणि त्याआधी ताटात भाजी अर्ध्या भागात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, रान भरलेलं असतं, त्याला पैसे पडत नाहीत. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, मसूर, हे वाढवलं. रात्री भाकरी, तांदळाऐवजी नाचणीची. नाचणीचं जरा सांगते, कारण आजकाल नाचणीची आरतीच चालू आहे. नाचणी चांगली, फायबर आहे, पण शेवटी पीठच आहे. आमच्या ओळखीतल्या एकांनी तांदळाची एक भाकरी सोडून नाचणीच्या चार सुरू केल्या आणि वर गूळ घातलेलं नाचणीचं सत्त्व, आणि मग शुगर का उतरत नाही म्हणून चकित. गुळाचंही तेच. गूळ म्हणजे साखरच, फक्त नववारी नेसलेली.

चहा सातावरून तीन. साखर पहिल्या आठवड्यात दीड चमचा, मग एक, मग अर्धा, अशी उतरवत आणली, एकदम तोडली असती तर मी घरच्यांचे प्राण घेतले असते. आता बिनसाखरेचा जातो. दुपारी चारला बिनसाखरेची काळी कॉफी पिते, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा त्रास कमी दिसतो असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. सासूबाईंच्या मते कॉफी ही श्रीमंतांची काडेचिराईत. अमृत कोकमाच्या जागी आगळ पाण्यात, जिरं टाकून. मिठाकडे लक्ष ठेवून.

पण खरी क्रांती यातलं काहीच नाही. खरी क्रांती म्हणजे मी साडेबाराला जेवायला लागले. पाहुण्यांच्या आधी.

लिहिताना साधं वाटतं. पहिल्या दिवशी मी स्वैपाकघरात पाट घेऊन बसले, ताटात भाजी, पिठी, तारलीचं तिखलं, वाटीभर भात, आणि बाहेर पडवीत चार पाहुणे बसलेले, अजून पानं मांडायची होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पावण्यांच्या आदी जेवतंस?" एवढंच म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. पण तो घास माझ्या घशात असा अडकला जसा काही मी चोरून खातेय. पंचवीस वर्षं या घरात मी शेवटची जेवलेय, त्या त्यांच्या सासूच्या घरात शेवटच्या जेवल्यायत, आमच्यात कोणी नियम केला नव्हता पण तो होता. मी म्हटलं, "आई, मी आधी जेवले तर उरलेलं माझ्या पोटात जात नाही. मॅडमनी सांगितलंय." मॅडमचं नाव घेतलं म्हणून चाललं. मॅडमनी जेवणाच्या वेळा लवकर करा एवढंच सांगितलं होतं, पावण्यांच्या आधी हे माझंच. आणि उरलेलं? उरलेल्याला आता दोन ठिकाणं आहेत, फ्रीज आणि शेजारची गाय. पहिल्यांदा वडा गाईला घातला तेव्हा मला पाप लागल्यासारखं झालं, गाईला मात्र काही वाटलं नाही.

चालायचं म्हणाल तर आमच्यासमोर समुद्र आहे आणि पंचवीस वर्षांत मी तिथे चालले नव्हते. पाहुणे लांबून पैसे खर्चून येतात चालायला. आठवड्याला दीडशे मिनिटं, जरा दम लागेल असं, हे टार्गेट. मी सहाला निघते, देवबागच्या संगमाच्या दिशेने, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत नाही जात, अर्ध्यातून परत, चाळीस मिनिटं. सुरुवातीला लोक विचारायचे, "खंय गेल्लंस गो सकाळची?" खालच्या वाडीत बाई विनाकारण चालते हे पटत नाही कोणाला, हातात पिशवी तरी पाहिजे. मग मी खरंच पिशवी घेऊन जायला लागले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर थांबते, कधीकधी दोराला हातही लावते, मग वाट्यात दोन तारल्या मिळतात, पिशवीही सार्थकी लागते.

सप्टेंबरला वजन ६८ वर काहीतरी ग्रॅम, ट्रायग्लिसराइड्स २६२, एसजीपीटी ५८. मी मॅडमच्या केबिनमध्येच रडले. मग आले गणपती. आमच्याकडे पाच दिवस, रोज भजनाचे तीस-चाळीस माणसं, मोदक, करंज्या, रात्री एकला उसळ आणि चहा, आणि मी वही बंद करून ठेवली, कारण वहीत बाप्पाचा प्रसाद लिहायचा कसा. त्याला लागून दिवाळी, त्याला लागून सीझन. जानेवारीत ट्रायग्लिसराइड्स परत ३०१. एसजीपीटी मात्र ५५, म्हणजे चढला नव्हता. मॅडम ओरडतील वाटलं होतं, त्या म्हणाल्या की ट्रायग्लिसराइड्स लबाड असतात, आठ-पंधरा दिवसांच्या खाण्याने वरखाली होतात, लिव्हर सावकाश बिघडतं आणि सावकाश सुधारतं, वजन धरून ठेवा.

आणि मेमधला तो घोळ. पाऊस यायच्या आधी घरावरची कौलं चाळायची होती, गडी आले होते पण खालून वर कौलं द्यायला माणूस कमी पडला म्हणून मी दिवसभर उभी राहून कौलं दिली. दुसऱ्या दिवशी हात वर करून केस बांधता येत नव्हते. त्याच सकाळी लॅबला जायचं ठरलेलं, गेले. ट्रायग्लिसराइड्स १७४, आणि एसजीओटी ७९! एसजीपीटीपेक्षा जास्त. मी घाबरून अर्धमेली, नवरा म्हणाला आता काय राहिलंय तुझ्यात सोडायचं. मॅडमना फोन केला तर त्यांनी आधी विचारलं, काल काय जड काम केलं? कौलं म्हटल्यावर हसायलाच लागल्या. ते एसजीओटी लिव्हरचं नव्हतं, दंडाचं होतं. स्नायू दुखावले की तिथूनही सांडतं, एसजीपीटीही थोडं वाढू शकतं. दहा दिवस जड काही न उचलता परत केलं तर एसजीओटी २८, एसजीपीटी ३४, ट्रायग्लिसराइड्स १६८. वजन ६४.५. तेव्हा टेस्टच्या आधी निदान आठवडाभर कौलं, चिरे, नारळाच्या गोण्या, जिम, यातलं काही करू नका, सातशे रुपये वाचतील.

लॅबच्या कागदावर एसजीपीटी ४० पर्यंत नॉर्मल छापलेलं आहे म्हणून मी नाचतच गेले होते. मॅडम म्हणाल्या बायकांसाठी ती रेघ खरी पंचवीसच्या आसपास धरायला हवी, तेव्हा अजून थोडं आहे. तीन महिन्यांची साखर ५.७ वर आलीय, तीही अजून रेघेवरच. सोनोग्राफी गणपतीनंतर. या वर्षी मोदकांचं आधीच ठरवलंय, एकवीस बाप्पाचे, माझे रोज दोन, आणि ते जेवणात धरून, जेवणानंतर नाही. भजनाच्या रात्री उसळ करणारी मी आणि खाणारे ते.

नवऱ्याचं विचाराल तर त्याचा एसजीपीटी या वेळी ४४ आला. मी एक अक्षर बोलले नाही. फक्त वही नेऊन त्याच्यासमोर ठेवली आणि पेन.

परवा सासूबाईंबरोबर वरच्या वाडीत एकीकडे गेले होते, बारशाचं बोलावणं. यजमानीण चहा टाकायला आत वळली तशी सासूबाई पडवीतूनच ओरडल्या, "तिच्या कपात साखर घालू नको गो, तिच्या लिवरात बेगमी झाली हा!" सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली. चहा आला तो खरंच बिनसाखरेचा. सोबत ताटलीत दोन बेसनाचे लाडू.